बेहेडटोल्याचं पाणी

"बाई, घागर उचला आन् बाजूले व्हा," पहारेकरी म्हणाला. "ह्या बोरिंगचं पानी क्याम्पातल्या लोकाइसाठी हाये."

घागर मी हातपंपाखाली लावली होती. दांडा दोनदा खाली-वर केला होता आणि पाणी नुकतंच यायला लागलं होतं. तळाशी ओंजळभर साचलं असेल.

"एवढी भरू द्या दादा," मी म्हटलं. "घरी लेकरू हाये."

"लेकरू मलेबी हाये. पन साहेबानं पायलं त माही नोकरी जाते." त्याने तारेच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. "मले का मजा वाटते का तुमाले हाकलून?"

तो खरंच बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर मजा नव्हती. मी घागर काखेत घेतली आणि वळले. मागे क्याम्पातल्या बायकांची लांब रांग होती. त्या रांगेत चारुबाला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. रोज सकाळी मी क्याम्पाच्या फाटकापाशी मासे विकायची आणि चारुबाला माझं पहिलं गिऱ्हाईक. माशाचे कल्ले उचलून बघितल्याशिवाय ती घ्यायची नाही. त्या दिवशी मात्र विकायला मासे नव्हते, आणि मी तिच्यासमोर रिकामी घागर घेऊन चालले होते.

ही सत्तर सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. चांदा जिल्ह्यातलं आमचं बेहेडटोला हे गाव म्हणजे आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची आणि गोंडांची मिळून दीडेकशे घरं. एक तलाव, एक विहीर, भोवती जंगल. आदल्या हिवाळ्यात सरकारने आमच्या चराईच्या रानात तंबू ठोकले आणि ट्रकमागून ट्रक भरून माणसं आणून उतरवली. पूर्व बंगालातून आलेली, घरदार सुटलेली माणसं. पहिल्या दिवशी आम्ही सगळे बघायला गेलो होतो. बायका ट्रकमधून उतरत होत्या, पोरांना छातीशी धरून, आणि आमच्याकडे असं बघत होत्या की जणू आम्ही आता त्यांना मारणार. माझ्या सासूबाईंनी, भागरथाबाईंनी, घरी येऊन टोपलीभर मोहफुलं नेऊन तिथे ठेवली होती.

पण माणसं पाच हजार आणि गाव दीडशे घरांचं. चार महिन्यांत जवळचं सरपण संपलं. आमच्या बायका लाकडाला जंगलात दूरवर जाऊ लागल्या. गुरांना चरायला जागा उरली नाही. तलावात त्यांच्या आंघोळी, त्यांची धुणी, त्यांची जाळी. पाणी हिरवं पडलं आणि मासे मरायला लागले. माझा नवरा देवाजी पहाटे जाळं टाकून यायचा आणि मूठभर झिंगे माझ्यासमोर ओतायचा. मग विहिरीने तळ दाखवला.

सरकारने त्यांना तांदूळ दिला, दवाखाना दिला, शाळेचा तंबू दिला, बोरिंग दिलं. त्यांना द्यायलाच हवं होतं, कारण त्यांच्याकडे अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. आम्हाला कुणी काही विचारलं नाही. आम्ही आधीपासूनच गरीब होतो, त्यामुळे आमची गरिबी कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हती.

घरी गेले तेव्हा भागरथाबाई तलावाचं पाणी फडक्यातून गाळत होत्या.

"नाई भरू देल्लं?"

"नाई."

देवाजी ओट्यावर बसला होता. तो उठला आणि बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या पुरुषांनी कुदळी-फावडी घेऊन नाल्याजवळची वाट आडवी खोदून टाकली होती. क्याम्पात जाणारी तेवढी एकच वाट होती. तांदळाचे ट्रक तिथूनच यायचे.

पहिला ट्रक अंधार पडायच्या आत आला आणि चरापाशी थांबला. ड्रायव्हरने खाली उतरून शिव्या दिल्या. मग क्याम्पाकडून मोघे साहेब चालत आले. क्याम्पाचे प्रमुख तेच. उंच, किडकिडीत माणूस, उन्हाने नाक सोललेलं. ते चराच्या पलीकडे उभे राहिले. अलीकडे आमचे सरपंच झिबलाजी, आणि त्यांच्यामागे सगळं गाव.

"झिबलाजी, हे काय केलंत?"

"वाट खोदली साहेब."

"आत पाच हजार माणसं आहेत. उद्याचा तांदूळ या ट्रकमध्ये आहे."

"आमाले पानी द्या, आमी वाट देतो."

"ते बोरिंग क्याम्पाच्या खर्चातून झालंय. एकदा बाहेरच्यांना दिलं की आतल्यांना पुरणार नाही, आणि वरून मला विचारतील. तुमच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. मी करतो. पण वेळ लागेल."

"किती वेळ?"

मोघे साहेबांनी खोटं सांगितलं नाही. "पाऊस पडून जाईल तोवर," ते म्हणाले.

झिबलाजी हसले. वाईट नाही, थकल्यासारखे. "साहेब, आमी बाहेरचे कवापासून झालो? हे रान आमचं, तलाव आमचा. तुमी म्हनले तवा आमी जागा देल्ली. आता आमीच बाहेरचे?"

साहेबांनी चराकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या हातात नाही," आणि परत गेले. ट्रक मागे फिरला.

सकाळी उठले तर माझी सुगंधा, तीन वर्षांची, अंथरुणात गळून पडली होती. रात्रीतून तिला जुलाब लागले होते आणि आता उलट्याही सुरू झाल्या होत्या. भागरथाबाईंनी बेलफळाचा गर दिला, तांदळाची पेज दिली. काहीच पोटात ठरेना. थोड्याच वेळात तिचे डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. शेजारच्या घरातला म्हाताराही तसाच झाला होता, आणि खालच्या आळीतली दोन पोरं.

मी सुगंधाला कडेवर टाकलं आणि निघाले.

"कोठी चालली?" सासूबाईंनी विचारलं.

"क्याम्पातल्या डाक्टरकडे."

"ते घेतीन का आपल्याले? काल आपनच वाट खोदली."

मला ते माहीत होतं. तरी निघाले. चराजवळ पुरुष राखण करत बसले होते. देवाजी त्यांच्यात होता. मला पाहून तो उभा राहिला आणि मग त्याला कडेवरची सुगंधा दिसली. चर कमरेएवढा खोल होता. काल त्यानेच सगळ्यांत जास्त खोदला असेल. तो आत उतरला, सुगंधाला माझ्याकडून घेतलं, पलीकडे चढला, आणि मग मला हात दिला. बाकीचे बघत होते. कुणी अडवलं नाही.

"मी येऊ का?" त्याने विचारलं.

"नोको. तुले पाह्यलं त फाटकच नाई उघडणार."

फाटकावर कालचाच पहारेकरी होता. माझ्याकडे पाहिलं, सुगंधाकडे पाहिलं.

"मी नाई सोडू शकत बाई," तो म्हणाला. "आज त नाईच. आतल्या लोकाइच्या चुली थंड्या हायेत. तुमी बेहेडटोल्याच्या, हे समद्याइले माहीत हाये. कोनी काही केलं त?"

"मग डाक्टरले बाहेर बोलवा."

"डाक्टर एकटे हायेत. आत लाइन लागली हाये."

सुगंधाने माझ्या खांद्यावर पुन्हा ओकारी काढली. नुसतं पाणी होतं. मी तिथेच मातीत बसले. रडले नाही. रडायलाही अंगात काही लागतं.

फाटकाच्या आतून कुणीतरी हाक मारली. चारुबाला होती. तिचं नाव मला तेव्हा नीट उच्चारता येत नव्हतं. आमचं बोलणं बाजारी हिंदीत चालायचं, तिचं अर्धं बंगाली आणि माझं अर्धं मराठी. ती फाटकापाशी आली, वाकली आणि सुगंधाच्या पापण्या वर करून बघितल्या. मग दोन्ही हात पुढे केले.

"दे," ती म्हणाली. "मेरे को दे."

मी दिली नाही. पोर परक्या बाईच्या हातात द्यायची, आणि तीही कोणती, जिच्या चुलीवर आज आमच्यामुळे काही चढलं नव्हतं. तिच्यामागे तिचा नवरा निबारण उभा होता. तो तिला रागाने काहीतरी म्हणत होता. तिने मान वळवली नाही. हात तसेच पुढे होते.

मी सुगंधाला तिच्या हातात दिलं.

तिने तिला पदराखाली घेतलं, जसं अंगावरच्या पोराला घेतात तसं. पहारेकरी म्हणाला, "कोनाची पोरगी हाये हे?"

"मेरी," चारुबाला म्हणाली.

पहारेकऱ्याला सगळं दिसत होतं. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. ती दवाखान्याच्या तंबूत शिरली आणि पडदा खाली पडला.

मी फाटकाबाहेर बसून राहिले. ऊन वर आलं. क्याम्पातली माणसं येता-जाता माझ्याकडे बघत होती. कुणी थुंकलं, कुणी नुसतंच बघत राहिलं. एक म्हातारी आली आणि माझ्या डोक्यावर ऊन येतंय म्हणून आतून तारेवर गोधडी टाकून गेली. मी किती वेळ बसले होते ते सांगता येणार नाही. मनात एकच होतं, की पडदा उघडला आणि चारुबाला रिकाम्या हाताने बाहेर आली तर मी तिच्या तोंडाकडे कशी बघू.

पडदा उघडला आणि डॉक्टर स्वतः बाहेर आले. सान्याल नावाचे बंगाली डॉक्टर, वयस्क, चष्मा नाकावर घसरलेला. सरळ फाटकाशी आले.

"सलाईन लावली आहे," ते हिंदीत म्हणाले. "वाचेल. पण तेच पाणी पुन्हा दिलंत तर मी काही करू शकणार नाही. गावात आणखी कुणी आहे?"

मी सांगितलं. शेजारचा म्हातारा, खालच्या आळीतली पोरं, आणि जे मला माहीत नसतील ते.

डॉक्टर पहारेकऱ्याला म्हणाले, "माझी पेटी आण. मी गावात जातोय."

"पन साहेब..."

"साहेबांना सांग, हा रोग फाटक विचारून आत येत नाही."

डॉक्टर चर ओलांडून गावात गेले. त्यांची पेटी देवाजीने डोक्यावर घेतली होती, हे मला नंतर कळलं.

तोवर चारुबाला बाहेर आली होती. सुगंधा झोपली आहे, एक बाई जवळ बसवली आहे, एवढं मला खुणेने सांगून ती तंबूंच्या ओळीत गेली आणि तिथून घागर घेऊन आली. एकटी नव्हती. तिच्यासोबत आणखी आठ-दहा बायका होत्या. त्यांनी बोरिंगवर घागरी भरल्या आणि डोक्यावर घेऊन फाटकाकडे निघाल्या.

आता मात्र पहारेकरी आडवा झाला. निबारणही धावत आला. तो ओरडत होता, आणि त्याचं बंगाली मला कळत नसलं तरी भात आणि जल हे दोन शब्द कळत होते, आणि त्यावरून बाकीचंही. आपला भात त्यांनी अडवला आणि तू त्यांना पाणी नेतेस. चारुबाला थांबली. डोक्यावरची घागर एका हाताने धरून ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्याच्या बाजूने वाट काढून पुढे झाली.

गडबड ऐकून मोघे साहेब आले.

"काय चाललंय?"

चारुबाला हिंदीत म्हणाली, "साहेब, ये पानी हमारा है?"

"हो."

"हम पियेगा, हम नहायेगा, हम मिट्टी में डालेगा. आप पूछेगा?"

"नाही."

"तो हम देगा. अपना हिस्सा देगा. बोरिंग कोई नहीं मांगता."

मोघे साहेबांनी आपली टोपी काढली, कपाळ पुसलं, आणि पहारेकऱ्याला मान हलवून खूण केली. फाटक उघडलं.

मी त्या बायकांबरोबर चरापर्यंत चालले. पलीकडे आमचं गाव गोळा झालं होतं. पुरुष कुदळी धरून उभे राहिले, कारण त्यांना वाटलं क्याम्पातले लोक भांडायला येत आहेत. मग त्यांना घागरी दिसल्या. चारुबाला चराच्या काठावर बसली आणि घागर पुढे केली.

कुणी पुढे येईना. त्या कोण, कुठल्या जातीच्या, त्यांच्या हातचं पाणी घ्यावं की नाही, हे आमच्या बायकांच्या डोळ्यांत मला दिसत होतं. तहान लागलेली असूनही दिसत होतं. भागरथाबाई सगळ्यांत पुढे होत्या.

"सुगंधा?" त्यांनी मला विचारलं.

"सलाईन लावली. वाचते म्हनतात. हिनंच नेली आत, माही म्हनून."

भागरथाबाई चरात उतरल्या. साठीच्या बाईला उतरणं सोपं नव्हतं. खाली उभं राहून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि चारुबालाच्या हातातली घागर घेतली. तिथेच तोंडाला लावली, प्यायल्या, आणि मग वळून मागच्या बाईकडे दिली. त्यानंतर घागरी एकामागून एक येत राहिल्या. क्याम्पातून आणखी बायका आल्या. मग काही पुरुष आले. सगळे आले असं नाही. पुष्कळजण तंबूंपाशी उभे राहून चिडलेल्या तोंडाने बघत होते आणि त्यांना चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

झिबलाजी सरपंच काठावर उभे होते. मग देवाजीकडे वळून म्हणाले, "काय गा, पाहून काय रायला? बुजव."

देवाजी डॉक्टरांना गावात पोचवून चरापाशी परतला होता. त्याने फावडं उचललं. काल खोदायला अख्खी दुपार गेली होती, बुजवायला तितका वेळ लागला नाही. ट्रक येईपर्यंत गावातल्या घराघरांतून जे काही होतं ते, कुठे ज्वारीच्या कण्या, कुठे आंबील, कुठे सुकट, बायकांनी त्याच घागरींमध्ये भरून परत पाठवलं. पाच हजारांना ते काय पुरणार? पण पोरांच्या तोंडाला लागलं.

संध्याकाळी मोघे साहेब आमच्या गावात आले. क्याम्पात बोरिंगचं यंत्र आलेलं होतं, साहेबांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या राहुट्यांसाठी वेगळं बोरिंग करायचं म्हणून. साहेब यंत्राच्या मिस्त्रीला सोबत घेऊन आले होते.

"इथे मारा," ते झिबलाजींच्या अंगणापुढच्या मोकळ्या जागेकडे हात करून म्हणाले.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, कागदावर तुमच्या राहुट्या आहेत."

"आम्ही आतल्या बोरिंगवर रांगेत उभे राहू."

"वरून विचारलं तर?"

"तर मी सांगेन, माझ्या क्याम्पात पाच हजार नाहीत, त्याहून जास्त आहेत. हे गावही त्यात धरा. पाच हजार माणसं यांच्या अंगणात बसवायची आणि यांना मोजायचंच नाही, हा हिशेब मला कालपासून लागत नव्हता."

पहिला खड्डा कोरडा गेला. आमची तोंडं उतरली. यंत्र दुसऱ्या क्याम्पावर पाठवायची तार आली होती म्हणे, पण साहेबांनी आणखी एक दिवस ठेवून घेतलं. दुसरं बोरिंग गोंडांच्या आळीच्या टोकाला मारलं आणि तिथे लागलं. आधी लाल चिखल आला, मग गढूळ, मग स्वच्छ. भागरथाबाईंनी पंपाला हळदीकुंकू वाहिलं. क्याम्पातल्या बायकांनी, त्यांच्याकडे शुभकार्यात काढतात तसा, जीभ हलवत लांब उलूलू आवाज काढला आणि आमची पोरं घाबरून पळाली.

सान्याल डॉक्टर तेव्हापासून आठवड्यातून एकदा आमच्या चिंचेखाली बसू लागले. पावसाळ्यानंतर क्याम्पातली शाळा आमच्या पोरांनाही खुली झाली. तलावात कुणी कधी जाळं टाकायचं यावर भांडणं मात्र पुष्कळ वर्षं चालली. देवाजी आणि निबारण यांची तर एकदा मारामारी झाली, आणि पुढे त्याच दोघांनी मिळून मासेमारीसाठी तलावाचा लिलाव घेतला. मोघे साहेबांची वर्षभरात बदली झाली. यंत्राच्या प्रकरणावरून की सहज, ते आम्हाला कधी कळलं नाही. जाताना ते प्रत्येक घरी आले नाहीत, पण बोरिंगवर थांबून पाणी पिऊन गेले.

क्याम्प उठला तेव्हा निम्मी माणसं इथेच वसली. सरकारने जंगलाकडेला जमीन दिली. चारुबालाचं घर आमच्यापासून दोन शेतं पलीकडे. निबारण जाऊन आता बरीच वर्षं झाली, देवाजी गेल्या साली गेला. आम्ही दोघी म्हाताऱ्या दुपारी तिच्या ओसरीवर बसतो. ती आता चांगली मराठी बोलते, फक्त ळ अजून जमत नाही.

एकदा मी तिला विचारलं. इतक्या वर्षांत विचारायचं राहूनच गेलं होतं.

"त्या दिवशी तुमच्या चुली थंड्या होत्या. तुह्या नवऱ्यानं तुले शिव्या देल्ल्या. मंग तू पानी काहून आनलं?"

ती मटार सोलत होती.

"तेव्हा आमच्यातला जो तो म्हणत होता, पुढल्या साली परत जायचं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं तर भांडी गाठोड्यातून सोडलीच नव्हती. मीबी तेच म्हणत होते. जिथं राहायचं नाही तिथल्या लोकांशी काय घेणं? तुझी पोरगी घेऊन मी आत गेले. सान्याल डॉक्टरनं आमच्या भाषेत विचारलं, कुणाची? मी म्हटलं, माझी. त्याला मी माहीत होते. मला मूल नाही हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, बरं, तुझी तर तुझी, गाव कोणतं तुझं?"

"मंग?"

"खुलना जिल्ह्यातलं माझं गाव. नदीच्या काठाला. रोज रात्री झोपताना मी त्याचं नाव घेत होते. तेच सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, बेहेडटोला."

तिने सोललेले दाणे माझ्या पुढ्यातल्या ताटात ओतले.

"डॉक्टर हसला नाही. सुई लावू लागला. मी पोरीचा हात धरून बसले आणि मला रडू आलं. मग वाटलं, नाव तर निघून गेलं तोंडातून. आता गाव तहानलेलं कसं ठेवायचं?"